लॅपटॉपला गाडी सापडत नाही तेव्हा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, की बारामती-इंदापूर भागातली गाडी अजूनही बहुतेक वेळा 'कंपनीत' जाते. तिथे नंबर लागेपर्यंत दिवस मोडतो, स्कॅनिंगचे पैसे वेगळे पडतात आणि कित्येकदा निघतं काय, तर एका सेन्सरचं कनेक्टर सैल झालेलं. हे काम आपल्या चौकातल्या गॅरेजमध्ये होण्यासारखं आहे. धड चालणारा जुना लॅपटॉप, बऱ्यापैकी ॲडाप्टर आणि त्या गाडीला लागू पडणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर सुरुवात करता येते. घोडं अडतं ते बसवताना. सॉफ्टवेअर टाकलं जातं, गाडीशी संपर्क होत नाही असा संदेश येतो, मग ते काढून पुन्हा टाकलं जातं, कुणाकडून तरी पेन ड्राइव्हवर दुसरी फाइल आणली जाते आणि शेवटी केबलला शिव्या घालून ती कपाटात जाते.

स्क्रीन आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, यांच्यामध्ये मोजक्याच कड्या असतात. सॉफ्टवेअर, विंडोजचा ड्रायव्हर, पोर्ट, ॲडाप्टर, गाडीतलं सॉकेट आणि तिथून ईसीएमपर्यंत गेलेली वायर. दोष यातल्या एखाद्याच जागी असतो आणि क्रमाने गेलं तर थोड्या वेळात सापडतो. सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं हा शेवटचा उपाय असायला हवा. आपल्याकडे तो पहिला होतो. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरच्या नावांपेक्षा तपासण्याच्या क्रमाला जास्त जागा दिली आहे.

आधी आरसी बघा

सॉफ्टवेअर शोधण्याआधी गाडी कोणत्या काळातली आहे ते पाहा. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतः ओळखून नोंदवण्याची प्रमाणित यंत्रणा, सक्तीची झाली. आपल्याकडे ही यंत्रणा बीएस-४ या उत्सर्जन मानकाबरोबर आली. पहिला टप्पा १ एप्रिल २०१० ला आणि ओबीडी-२ चा टप्पा १ एप्रिल २०१३ ला. पण २०१० मध्ये बीएस-४ देशभर नव्हतं. ते दिल्लीचा राजधानी परिसर आणि १३ शहरांपुरतं होतं, आणि त्या १३ शहरांत पुणेही होतं आणि सोलापूरही. पुणे-सोलापूर महामार्गाची दोन्ही टोकं बीएस-४ मध्ये गेली आणि मधला आपला ग्रामीण पट्टा तेव्हा बीएस-३ मध्येच राहिला. देशभर सगळीकडे बीएस-४ लागू झालं ते एप्रिल २०१७ मध्ये.

याचा परिणाम आजही गॅरेजमध्ये दिसतो. त्या सात वर्षांतल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक एमएच-१२ ची आणि एक एमएच-४२ ची, आतून वेगळ्या निघू शकतात. पुण्याहून सेकंडहँड आणलेली गाडी स्कॅनरला लगेच उत्तर देते आणि बारामतीतच पासिंग झालेली तिची जुळी बहीण गप्प बसते. तिथे लॅपटॉपशी झटापट करण्यात अर्थ नसतो. उत्सर्जनाचा दर्जा आरसीवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दिसतो, तो आधी वाचा. एप्रिल २०२० पासूनची म्हणजे बीएस-६ गाडी असेल तर हा प्रश्न येत नाही. बीएस-३ गाडीत डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असलं तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. तिच्यासाठी त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा लॉन्च, ऑटेल, बॉश अशांचा अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचणारा स्कॅनर लागतो.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. उसाचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीकडे जाणारे ट्रक रस्त्यात बंद पडतात आणि कुणीतरी मोटारीचा छोटा ॲडाप्टर घेऊन धावतो. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, मोटारीची १२ व्होल्टची. १२ व्होल्टसाठी बनलेला स्वस्त ॲडाप्टर तिथे लावला तर जळू शकतो. शिवाय ट्रक आणि नवे मोठे ट्रॅक्टर बहुधा जे-१९३९ नावाच्या वेगळ्या पद्धतीने बोलतात, जी साध्या ॲडाप्टरला नीट येत नाही. त्या कामाला जड वाहनांचंच साधन घ्या. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ॲपे रिक्षा आणि व्हेस्पा आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत, पण दुचाकी-तीनचाकीचं निदानाचं सॉकेट मोटारीसारखं नसतं. आधी सॉकेट बघून त्याला बसणारी जोडकेबल मिळवावी लागते.

ॲडाप्टर घेताना

बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त डोंगल 'ईएलएम-३२७' या नावाने विकले जातात. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीने २००५ च्या सुमारास ही चिप आणली. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्रॅम कॉपी होण्यापासून सुरक्षित केलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या नकला जगभर पसरल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. नकला मात्र अजून येतच आहेत. डब्यावर १.५ आवृत्ती लिहिलेली असेल तर ती नक्कल समजा, कारण एल्मने १.५ नावाची आवृत्ती काढलीच नव्हती. २.१ लिहिलेल्या डोंगलचाही भरवसा नाही. त्यातले बरेच १.५ वाल्यांपेक्षाही कमी आज्ञा समजतात.

नक्कल म्हणजे अगदी टाकाऊ असंही नाही. कोड वाचणं, इंजिनाचं तापमान बघणं एवढ्याला ती पुष्कळदा चालते. पण अर्धवट डेटा देणं, मध्येच तुटणं, एबीएस किंवा एअरबॅगच्या मॉड्यूलपर्यंत न पोहोचणं, हे तिचे नेहमीचे दोष. घरच्या एका गाडीसाठी घेणार असाल तर स्वस्तातलं घेऊन बघायला हरकत नाही. गॅरेज चालवत असाल तर एकदाच जरा जास्त पैसे घालून नावाजलेल्या कंपनीचा यूएसबी ॲडाप्टर घ्या. ब्लूटूथ आणि वायफायचे डोंगल मोबाइलसाठी सोयीचे. लॅपटॉपला वायरचा ॲडाप्टर केव्हाही कमी त्रास देतो.

सॉफ्टवेअर कोणतं आणि कुठून

सर्वसाधारण ओबीडी सॉफ्टवेअर कुठल्याही ओबीडी-२ गाडीच्या इंजिनाचे प्रदूषणाशी संबंधित कोड वाचतं. स्कॅनमास्टर, ओबीडी ऑटो डॉक्टर, फुकट मिळणारं पायओबीडी ही त्यातली नावं. त्यापलीकडे जायचं असेल तर गाडीच्या कंपनीप्रमाणे सॉफ्टवेअर बदलतं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, पण फिगो, इकोस्पोर्ट आणि एंडेव्हर आपल्याकडे चालूच आहेत. त्यांच्यासाठी फोरस्कॅन हे विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर उत्तम आहे आणि त्याची मूळ आवृत्ती फुकट आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडासाठी रॉस-टेकचं व्हीसीडीएस, पण ते त्यांच्याच केबलवर चालतं. टोयोटाचं टेकस्ट्रीम.

इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. कंपन्यांची सॉफ्टवेअर महाग असतात किंवा बाहेरच्या गॅरेजला सरळ मिळत नाहीत, म्हणून क्रॅक केलेल्या प्रती फिरतात. हा प्रश्न खरा आहे, आणि त्याची दखल कायद्यानेही घेतली आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं हे स्पर्धेच्या विरोधात आहे, असं आयोगाने म्हटलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. मोटारी आणि शेतीची अवजारं ही दोन्ही क्षेत्रं त्यात आहेत. छोट्या गॅरेजवाल्याची बाजू न्याय्य आहे असं माझं ठाम मत आहे.

तरीही क्रॅक टाकू नका. त्याबरोबर येणारी पहिली सूचना असते की अँटीव्हायरस बंद करा. ज्या लॅपटॉपवर तुमची बिलं आहेत, जीएसटीचं खातं आहे, बँकेचं लॉगिन आहे, त्याची दारं एका अनोळखी फाइलसाठी उघडी टाकण्यासारखं ते आहे. आणि असं सॉफ्टवेअर ईसीएममध्ये काही लिहायला लागलं आणि मध्येच अडकलं, तर गिऱ्हाइकाची गाडी जागेवरून हलणार नाही. कायदेशीर, साधं आणि कमी काम करणारं सॉफ्टवेअर या क्रॅकपेक्षा शंभर पटीने बरं.

शक्य असेल तर निदानासाठी वेगळा लॅपटॉप ठेवा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, पण जुनी केबल आणि जुनं सॉफ्टवेअर चालवायला असा लॅपटॉप अजून उपयोगी पडतो. फक्त त्यावर बँकेचे व्यवहार करू नका आणि काम नसताना त्याला इंटरनेटला जोडू नका.

बसवण्याचा क्रम

ॲडाप्टर लॅपटॉपला जोडायच्या आधी त्याच्यासोबतच्या कागदावर ड्रायव्हर आधी टाकायचा की नंतर, ते वाचा. बऱ्याच केबलना ड्रायव्हर आधी लागतो. उलट क्रमाने केलं तर विंडोज स्वतःच्या मनाने भलताच ड्रायव्हर लावून मोकळं होतं. मग यूएसबी जोडा आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की यादीत ते नाव दिसतं. त्यात 'पोर्ट्स' नावाची ओळ असते. तिच्याखाली तुमच्या केबलचं नाव आणि कंसात कॉम व एखादा आकडा आला पाहिजे, उदाहरणार्थ कॉम ५. आला, तर लॅपटॉपकडची बाजू जागेवर आहे. हा आकडा कागदावर लिहून ठेवा.

नाव न येता पिवळा त्रिकोण आला, तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे. त्रिकोणावर दोनदा क्लिक केली की कारण लिहिलेलं असतं. केबलच्या आत यूएसबी आणि गाडी यांच्यात दुभाष्याचं काम करणारी छोटी चिप असते. एफटीडीआय, सीएच-३४०, प्रोलिफिक आणि सिलिकॉन लॅब्ज या चौघांपैकी एखादी. ड्रायव्हर त्या चिपचा लागतो, केबल विकणाऱ्याचा नव्हे. गुणधर्मांच्या खिडकीत 'तपशील' या भागात हार्डवेअर आयडी असतो. त्यात व्हीआयडीपुढे ०४०३ असेल तर एफटीडीआय, १ए८६ असेल तर सीएच-३४०, ०६७बी असेल तर प्रोलिफिक आणि १०सी४ असेल तर सिलिकॉन लॅब्ज. त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या, तिसऱ्याच कुठल्या 'ड्रायव्हर डाउनलोड'वाल्याकडून नको.

प्रोलिफिकच्या बाबतीत 'कोड १०' ही चूक सारखी दिसते. कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या आणि नकली चिपना आधार देणं बंद केलं आहे, त्यामुळे चिप दिसते पण सुरू होत नाही. ड्रायव्हर अपडेट करून ते सुटत नाही. एक तर जुनी आवृत्ती हाताने निवडावी लागते किंवा केबल बदलावी लागते. मी केबल बदला असंच सांगेन, कारण विंडोजच्या पुढच्या अपडेटनंतर तोच त्रास परत येतो.

कधीकधी केबल ठीक असते, पण नव्या विंडोजमधली मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा जुना ड्रायव्हर उघडूच देत नाही. टेकस्ट्रीमसाठी विकल्या जाणाऱ्या मिनी व्हीसीआय केबलची अडचण निराळी. तिचा जुना ड्रायव्हर ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेला आहे आणि ६४ बिटवर त्याचा इन्स्टॉलर सुरूच होत नाही. इनोव्हासाठी ही केबल घेऊन बसलेले पुष्कळजण भेटतील. सुरक्षा बंद करण्याच्या मागे लागण्यापेक्षा ३२ बिटचा वेगळा जुना लॅपटॉप मिळवणं सोपं जातं.

पोर्ट दिसतो आहे पण सॉफ्टवेअरला सापडत नाही, असं झालं तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तोच कॉम आकडा हाताने निवडा. काही जुनी सॉफ्टवेअर फक्त कॉम १ ते कॉम ४ एवढेच पोर्ट बघतात आणि विंडोजने केबलला कॉम ११ दिलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून आकडा बदलता येतो. तिथेच एफटीडीआय चिपसाठी लेटन्सी टायमर असतो. तो मुळात १६ मिलिसेकंद असतो. डेटा अडखळत येत असेल तर १ किंवा २ करून पाहा. वेग, म्हणजे बॉड रेट, ईएलएम प्रकारच्या ॲडाप्टरला बहुधा ३८,४०० लागतो, काहींना १,१५,२००. यूएसबीची पिन दुसऱ्या खाचेत लावली की कॉमचा आकडा बदलू शकतो, म्हणून केबल नेहमी त्याच खाचेत लावायची सवय ठेवा आणि त्या खाचेवर रंगाचा ठिपका द्या.

ब्लूटूथचा डोंगल असेल तर जोडणीचा पासवर्ड बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. जोडल्यावर विंडोज दोन कॉम पोर्ट तयार करतं, एक येणारा, एक जाणारा. सॉफ्टवेअरला जाणारा, म्हणजे आउटगोइंग, द्या. वायफायच्या डोंगलला कॉम पोर्ट नसतोच. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो, आणि त्याला जोडलेलं असताना लॅपटॉपचं इंटरनेट बंद राहतं. लायसन्स तपासायला इंटरनेट मागणारं सॉफ्टवेअर तिथे अडकतं.

गाडीकडची बाजू

आता सॉकेट. मल्टिमीटर काढा. लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत असूनही गाडी बोलत नसेल, तर या उपकरणाने जे कळतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने कळत नाही. १६ व्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो, चावी बंद असली तरी. ४ थी आणि ५ वी पिन अर्थची. लाल टोक १६ वर, काळं ४ वर ठेवा. १२.४ ते १२.६ व्होल्ट आले तर ठीक. तेच काळं टोक ५ वर ठेवून पुन्हा बघा. १६ वर काहीच नसेल तर बहुधा फ्यूज उडालेला असतो. अनेक गाड्यांत हा फ्यूज लायटरच्या सॉकेटशी सामायिक असतो. मोबाइलच्या चार्जरने किंवा टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने तो उडालेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. त्यामुळे गाडी ताब्यात घेतानाच विचारा, लायटर चालतो का.

टोक सॉकेटमध्ये घुसवताना जोर लावू नका. पिनेची पकड एकदा ढिली झाली की पुढे प्रत्येक ॲडाप्टर तिथे अडखळतो.

बॅटरीचा व्होल्टेज कमी असेल तर पुढे जाऊ नका, आधी चार्ज करा. आठवडाभर उभी असलेली गाडी चावी ऑन करून अर्धा तास स्कॅन करत बसलात तर बॅटरी आणखी खाली जाते, एकेक मॉड्यूल संपर्क सोडायला लागतं, आणि मग स्क्रीनवर 'यू'ने सुरू होणाऱ्या कोडची रांग लागते. त्यातला एकही कोड खरा नसण्याची शक्यता मोठी.

१६ आणि अर्थ ठीक असेल तर ६ आणि १४ या दोन पिना बघा. बहुतेक नव्या गाड्यांचं बोलणं त्या दोन तारांवरून चालतं. चावी बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, दोघींमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम आला पाहिजे, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक तुटलं आहे, शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत मध्ये गेटवे असतो, तिथे हा आकडा वेगळा येऊ शकतो. त्या मॉडेलचं वायरिंग बघूनच निष्कर्ष काढा. जुन्या गाड्यांत बोलणं ७ नंबरच्या पिनवर, के-लाइनवर असतं.

ॲडाप्टर खरा चालतो की नाही हे सॉफ्टवेअरशिवाय तपासता येतं. पुटी नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्या, त्यात सिरियल निवडून आपला कॉम आणि वेग द्या. इंग्रजीत ए-टी-झेड टाइप करून एंटर मारा. ॲडाप्टरने आपलं नाव सांगितलं, तर लॅपटॉपपासून ॲडाप्टरपर्यंत सगळं चोख आहे. ए-टी-आर-व्ही टाइप केलं की तो गाडीचा व्होल्टेज सांगतो. मग चावी ऑन करून ०१०० पाठवा. ४१ ने सुरू होणारे आकडे आले म्हणजे ईसीएमने उत्तर दिलं आणि दोष तुमच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. 'अनएबल टू कनेक्ट' आलं म्हणजे ॲडाप्टरने सगळ्या भाषा बोलून पाहिल्या आणि गाडीने एकीलाही उत्तर दिलं नाही. इथे चावी ऑन आहे का हे पुन्हा एकदा बघा. पुश बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की बहुधा इग्निशन ऑन होतं. एकदाच दाबलं तर फक्त रेडिओ लागतो, ईसीएम झोपलेलाच राहतो, आणि यात भलेभले फसतात.

कोड आल्यानंतर

कोड आला की आधी जतन करा, मग गाडीला हात लावा. कोड उडवायची घाई फार वाईट. कोड पुसला की त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष आला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान, लोड काय होतं याची नोंद. शोधाचं अर्धं काम त्या नोंदीत असतं. शिवाय गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. दिवा विझवून गाडी परत देणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दिवा पुन्हा लागतो, आणि गिऱ्हाईक बारामतीहून थेट पुणे गाठतं.

कोड हा त्या सर्किटचा पत्ता असतो. कोणता भाग बदलायचा ते तो सांगत नाही. एक उदाहरण सविस्तर देतो. इंदापूर तालुक्यात शेताच्या कडेला उभी असणारी डिझेल पिकअप, पिकअप घेत नाही, दिवा लागलेला, कोड पी-०११३. अर्थ, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरकडून सिग्नल जास्त येतो आहे. दुकानात सेन्सर मिळतो, तो आणून बसवायचा मोह होतो. त्याआधी लाइव्ह डेटा उघडा. तिथे हवेचं तापमान उणे ४० अंश दिसत असेल तर विचार करा, मे महिन्यात इंदापुरात उणे ४० कुठून येणार? या प्रकारच्या सेन्सरची तार तुटली की ईसीएमला अतिशय थंडी असल्याचा भास होतो, म्हणून तो तळाचा आकडा दाखवतो. सेन्सरला दोनच वायरी असतील तर त्याचं कनेक्टर काढा आणि कनेक्टरमधल्या दोन्ही पिना छोट्या वायरने जोडून पुन्हा स्क्रीन बघा. आकडा एकदम वर, शंभराच्या पुढे गेला, तर वायरिंग धड आहे आणि सेन्सर खराब आहे. उणे ४० वरच राहिला, तर सेन्सरचा काही संबंध नाही, तार मध्येच तुटली आहे. उसाच्या पट्ट्यात उंदरांनी कुरतडलेली वायरिंग ही रोजची गोष्ट आहे. हार्नेसची टेप हाताने चाचपत गेलात की जागा सापडते. सेन्सरला तीन किंवा जास्त वायरी असतील तर मात्र असं जोडू नका, तिथे ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि ईसीएमला इजा होऊ शकते.

डिझेलच्या गाडीत पी-००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी, हा दुसरा नेहमीचा कोड. यावर लगेच पंप किंवा इंजेक्टरचा भला मोठा खर्च सांगितला जातो. लाइव्ह डेटात मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी ठेवा. आयडलला कॉमन रेल इंजिनांत तो साधारण २५० ते ३५० बार असतो. आयडलला दोन्ही जुळत असतील आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर मिळालेला दाब मागे पडत असेल, तर आधी डिझेल फिल्टर उघडा, त्यात पाणी साचलं आहे का पाहा, टाकीपासूनच्या नळीत हवा येते का पाहा. पंपाकडे त्यानंतर वळा.

बीएस-६ डिझेलमध्ये पी-२४६३ येतो, डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठल्याचा. गाव ते बारामतीचा पेन्सिल चौक आणि परत, एवढंच छोटं अंतर रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास लवकर होतो, कारण काजळी जाळण्याइतकं फिल्टर तापतच नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर सलग चालवून पुष्कळदा काम होतं. नाही झालं तर कंपनीच्या पातळीच्या सॉफ्टवेअरने उभ्या गाडीवर रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळण्याचं काम, करावं लागतं. त्या वेळी डीपीएफमध्ये तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. ही प्रक्रिया गॅरेजच्या आत करू नका, आणि पाचट, वाळलेलं गवत किंवा डिझेल सांडलेली जमीन असेल तिथे तर कधीच नको. सिमेंटच्या किंवा स्वच्छ मुरमाच्या मोकळ्या जागेवर, आग विझवायचं साधन हाताशी ठेवून करा. डीपीएफ पोकळ करून सॉफ्टवेअरमधून बंद करून देणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नका. प्रदूषणाची यंत्रणा काढणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही आणि तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

वाचणं आणि लिहिणं यांत फरक ठेवा. कोड वाचताना, लाइव्ह डेटा बघताना गाडीचं सहसा काही बिघडत नाही. इंजेक्टर कोडिंग, इमोबिलायझर, ईसीएम फ्लॅशिंग या लिहिण्याच्या गोष्टी. त्या करताना गाडीच्या बॅटरीला स्थिर सपोर्ट लागतो, लॅपटॉप पूर्ण चार्ज लागतो, कारण लाइट कधी जाईल याचा नेम नाही. विंडोजचे आपोआप होणारे अपडेट आणि झोपेची सेटिंग बंद ठेवावी लागते. हात बसल्याशिवाय आणि मूळ फाइलची प्रत काढून ठेवल्याशिवाय यात पडू नका.

काम झालं की ॲडाप्टर सॉकेटमधून काढा. १६ व्या पिनवर करंट कायम असल्यामुळे तो चावी बंद असतानाही थोडं थोडं खात राहतो आणि बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ मारत नाही. लॅपटॉपमध्ये गाडीच्या नंबरचा फोल्डर करा आणि दुरुस्तीआधीचा रिपोर्ट, नंतरचा रिपोर्ट, तारीख आणि किलोमीटर त्यात ठेवा. बिलाबरोबर रिपोर्टची एक प्रत गिऱ्हाइकाला द्या आणि स्कॅनिंगची मजुरी बिलात वेगळी लिहा. ती तुमच्या ज्ञानाची मजुरी आहे आणि मागायला संकोच नको. दोन महिन्यांनी तीच गाडी तोच दिवा घेऊन आली, तर जुना रिपोर्ट उघडून फ्रीझ फ्रेम शेजारी ठेवा. तापमान, फेरे आणि लोड जुळत असतील तर दोष तोच आहे. जुळत नसतील तर नव्याने १६ व्या पिनपासून सुरुवात करा.